दोन खोल्यांची चौकशी

काही प्रकरणांत गुन्हा निघत नाही, तरी ती विसरता येत नाहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून, दरोडे, जाळपोळ, सगळं पाहिलं. त्यातल्या अनेक प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण शहादा तालुक्यातल्या एका निनावी अर्जाची चौकशी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी लक्षात आहे. त्यात ना हत्यार होतं, ना मुद्देमाल. प्रश्न एवढाच होता, की एक नवरा-बायको रात्री कुठे झोपतात.

तेव्हा मी त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. होळी आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडे होळी म्हणजे सातपुड्यातला बंदोबस्त. निम्मे कर्मचारी मोलगीच्या बाजूला रवाना झालेले, उरलेले उसाच्या ट्रॉल्यांच्या अपघातांत अडकलेले. अशात पोलीस अधीक्षक कार्यालयातून टपाल आलं. टपालाची नोंद ठेवणाऱ्या बारनिशीच्या कारकुनाने त्यातला एक अर्ज वेगळा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

अर्ज एका पानाचा होता. कळसाडीच्या पुढच्या एका गावातल्या जोडप्याविरुद्ध. मजकूर असा, की अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या अमुक इसमाने वर्षभरापूर्वी अमुक स्त्रीशी विवाह केला असून तिला परदेशी नेण्याची खटपट चालवली आहे, हे दोघे एका खोलीत राहत नाहीत, पती माडीवरच्या खोलीत झोपतो आणि पत्नी खाली, जिन्याच्या दाराला रात्री खालून कडी असते, सबब विवाह बनावट असून विवाह नोंदणीचा दाखला दिशाभूल करून मिळवलेला आहे. खाली सही नाही. 'प्रत माहितीसाठी' म्हणून मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीचा उल्लेख.

निनावी अर्ज सहसा चौकशीविना दप्तरी दाखल होतात. पण याच बाईच्या व्हिसासाठी लागणाऱ्या पोलीस दाखल्याची पडताळणी त्याच आठवड्यात आमच्याकडे आली होती. आता मी 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारला आणि उद्या लग्न खोटं निघालं, तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. आणि प्रतिकूल शेरा मारला असता, तर बाईची फाईल तिथेच थांबली असती. शिवाय विवाह नोंदणीचा दाखला खोट्या माहितीवर घेतल्याचं सिद्ध झालं तर दोघांवर गुन्हाच. म्हणून मी अर्ज स्वतःकडे चौकशीला घेतला.

आधी बीट हवालदाराला गावात पाठवलं. तो दुपारपर्यंत परत आला.

"साहेब, अर्ज खरा दिसतो," तो म्हणाला. "शेजारच्या शिंप्याला सहज विचारलं. तो म्हणे, 'नवरा वर, बायको खाले. सारा गावले ठाऊक शे.'"

लग्नही साधंच झालेलं. नोंदणी, देवळात हार, पंचवीस-तीस माणसं. गावजेवण नाही. नवरदेवाचं वय एक्केचाळीस, नवरीचं चौतीस. तिचं माहेर कोरीटचं. वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचं सात वर्षं करण्यात तिचं लग्नाचं वय निघून गेलं, असं गावाचं म्हणणं. नवरा एकोणीस वर्षांपासून अमेरिकेत, तिथे एका गोदामात सुपरवायझर. लग्नानंतर महिनाभर राहून परत गेला होता आणि आता दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरओळख करून दिलेली. त्यांना सगळे 'बाई' म्हणत, म्हणून मीही इथे तसंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी जोडप्याला ठाण्यात बोलावलं. नवऱ्याला माझ्या खोलीत बसवलं. बायकोला आमच्या महिला हवालदारांकडे दिलं. त्या नवापूरकडच्या, बोलायला कमी, पण माणूस बरोबर वाचायच्या. दोघांना प्रश्न तेच विचारायचे असं ठरवलं होतं.

नवरा-बायको खरे आहेत की ठरवून आलेले, हे ओळखण्याची माझी एक साधी पद्धत होती. ठरवून आलेल्यांची उत्तरं जुळतात. खऱ्यांची जुळत नाहीत. खरा संसार करणाऱ्या दोघांना विचारा, लग्नात पाऊस होता का, तर एक हो म्हणतो, दुसरी नाही म्हणते आणि दोघेही शपथेवर सांगायला तयार असतात.

या दोघांची बहुतेक उत्तरं जुळत नव्हती. तो म्हणाला, बायकोला भरीत आवडतं. ती म्हणाली, "मी वांगं तोंडले लावत नही. त्यासले आवडस म्हनीसन करस." त्याला वाटत होतं, तिने पहिल्यांदा फोन केला तो संक्रांतीला. ती म्हणाली, फोन त्यांनीच केला, तिळगूळ मिळाला का ते विचारायला, आणि पुढे दोन मिनिटं कुणी काही बोललंच नाही. तो झोपेत दात खातो हे तिला माहीत होतं. तिच्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून तो नेहमी तिच्या डावीकडून चालतो, हे त्याने न विचारता सांगितलं.

इथपर्यंत मला काही शंका नव्हती. मग विचारलं, "झोपता कुठे?"

"माडीवरच्या खोलीत. दोघं. मी खिडकीच्या बाजूला, ती भिंतीच्या बाजूला," नवरा म्हणाला.

पलीकडच्या खोलीतून हवालदारबाईंचा कागद आला. त्यावर तिचं उत्तर होतं : माडीवरच्या खोलीत, दोघं, ते खिडकीच्या बाजूला, मी भिंतीच्या बाजूला. शब्दाला शब्द जुळत होता. आणि तेवढंच खोटं होतं.

"चला, घर बघू," मी म्हणालो. नवऱ्याचा चेहरा उतरला.

घर सिमेंटचं, खाली तीन खोल्या आणि वर एक. दारात पपईची दोन झाडं. बाई ओट्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होत्या. सत्तरीच्या, ताठ बसलेल्या, इस्त्रीची सुती साडी. आम्हाला पाहून उठल्या, चार पावलं पुढे आल्या आणि म्हणाल्या, "या. पाणी घ्या आधी."

माडीवर गेलो. एक पलंग, एक उशी, एक पांघरूण. खुंटीला पुरुषाचे कपडे. बायकोची एक पिनसुद्धा तिथे नव्हती. जिन्याच्या तळाशी दार होतं आणि त्याची कडी खालच्या बाजूला.

हवालदारबाईंनी मला खालच्या खोलीत बोलावलं. तिथे दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. मध्ये हातभर अंतर. एका उशाशी औषधांचे डबे मांडलेले. दोन्ही खाटांच्या मधोमध जुन्या साडीची एक लांब पट्टी पडली होती. तिच्या दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढे फास होते.

"हे काय?" मी सुनेला विचारलं.

उत्तर नवऱ्याने दिलं.

"साहेब, मी खोटं बोललो. लग्नानंतर दीड महिन्याने आई न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. मी तेव्हा तिकडे परत गेलो होतो. हिनेच सगळं केलं. आईला रात्री एकटं उठायची भीती बसली. म्हणून ही पट्टी. एक टोक आईच्या हाताला, एक हिच्या हाताला. आई उठली की हिला कळतं. आता मी आलो, तरी आई म्हणाली, थोडे दिवस राहू दे. मला आईला नाही म्हणता येईना."

"मग हे ठाण्यात का नाही सांगितलं?"

"सुरतेला व्हिसाचा एक सल्लागार आहे. त्याने सांगितलं, वेगळ्या खोल्या म्हटलं की संपलं. एकच खोली सांगा, बाजूसुद्धा ठरवून ठेवा. वकिलातीत सांगायचं म्हणून पाठ केलं होतं. तुमच्यासमोर तेच तोंडातून गेलं."

मला हसू आलं नाही. अशा पाठ केलेल्या एका वाक्यापायी माणसं तुरुंगात गेलेली मी पाहिली आहेत. लग्न खरं होतं, यात मला आता शंका नव्हती. पण अर्ज कुणी केला, हा प्रश्न शिल्लक होता. खोडसाळ अर्जदार मोकळा राहिला तर तो दुसरा अर्ज करतो, तिसरा करतो. म्हणून मी अर्ज पुन्हा काढला.

वेगळ्या खोल्या साऱ्या गावाला माहीत होत्या. पण जिन्याच्या दाराला रात्री खालून कडी असते, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? ते घरात झोपणाऱ्यालाच माहीत असणार. घरात झोपणारी माणसं तीन. त्यातल्या दोघांविरुद्ध तर अर्जच होता.

मी खाटेच्या उशाशी गेलो. औषधांच्या डब्यांवर कागद चिकटवलेले होते. 'सकाळी, उपाशीपोटी.' 'जेवणानंतर.' 'रात्री झोपताना.' निळी शाई, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी, 'ळ'च्या पोटातला वळसा पूर्ण. माझ्या हातातल्या अर्जावर डावीकडे पट्टीने आखलेला समास होता आणि अक्षर तेच होतं. बदलायचा प्रयत्नसुद्धा केलेला नव्हता.

मी नवऱ्याला आणि सुनेला मागच्या अंगणात थांबायला सांगितलं. हवालदारबाईंना सोबत घेऊन ओट्यावर बाईंच्या समोर बसलो आणि अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. उत्तरपत्रिका वाचावी तसा.

"हे तुमचं अक्षर आहे," मी म्हणालो.

"आहे."

"निनावी अर्ज लिहिणारे अक्षर तरी बदलतात."

"अक्षर बदलणं म्हणजे खोटं लिहिणं. यात खोटं काय आहे ते दाखवा. वेगळ्या खोल्यांत झोपत नाहीत का? कडी नसते का?"

"कडी कोण लावतं?"

"मी."

"सुनेला खाली कुणी झोपवलं?"

"मी."

"मग 'विवाह बनावट आहे' हे शेवटचं वाक्य?"

त्यांनी चष्मा काढला. पदराने काचा पुसल्या.

"ते एक खोटं आहे," त्या म्हणाल्या.

चौकशीत अशी वेळ येते, तेव्हा अधिकाऱ्याने तोंड बंद ठेवायचं असतं.

"मुलाच्या पासपोर्टचा अर्ज मीच भरून दिला होता," त्या बोलू लागल्या. "त्याला नंदुरबार स्टेशनावर सोडायला गेले, तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं नाही. एकोणीस वर्षं या घरात एकटी झोपले. कधी भीती वाटली नाही. मग पडले. रात्रीची वेळ, कुणी ऐकेना. सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होते. सून तेव्हा दोन दिवसांसाठी माहेरी गेली होती. परत आल्यापासून ती मला जाणवू देत नाही, पण तिला वाटतं की तिच्यामुळे पडले."

"आता पाय कसा आहे?"

"पाय चार महिन्यांपूर्वीच बरा झाला. तुम्ही पाहिलंत ना, मी कशी चालत आले. भीती बरी झाली नाही." त्यांनी अर्जाची घडी घातली. "साहेब, खरं सांगू? ही मुलगी मीच निवडली. बापाचं सात वर्षं केलेली मुलगी, म्हणून निवडली. मुलाला बायको हवी होती आणि मला सोबत. मला वाटलं, कागदपत्रांना तीन-चार वर्षं लागतील. इतक्या लवकर ती जाईल असं वाटलं नव्हतं. दोघांना मुलाखतीची तयारी करताना पाहिलं आणि हातून हे लिहून झालं."

"लोकसेवकाला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे."

"ठाऊक आहे. कलम लावा. पण आधी माझा जबाब घ्या. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. नाही तर मीच लिहिते, तुमच्या लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही."

जबाब मी लिहून घेतला. त्या सांगत होत्या आणि मध्येच शब्द दुरुस्त करत होत्या. पडल्याची तारीख, ऑपरेशन, दोन खाटा, साडीची पट्टी, पाय बरा झाल्याचं लपवलं ते, कडी, अर्ज. शेवटी त्या म्हणाल्या, "लिहा, की आजपासून माझी सून माडीवर झोपेल."

"बाई, जबाबात घडलेलं येतं. घडणार आहे ते येत नाही."

"मग उद्या या आणि घडलेलं लिहून घ्या."

सही करण्याआधी त्यांनी मुलाला आणि सुनेला ओट्यावर बोलावलं आणि जबाब मोठ्याने वाचून दाखवला. मी नको म्हणालो होतो. वर्गात धडा वाचावा तसा त्यांचा आवाज खणखणीत होता. 'सदर अर्ज मी स्वतः लिहिला आहे' या वाक्यालाही तो हलला नाही. मुलगा उभा होता, तो पायरीवर खाली बसला. सून मात्र होती तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते माझ्या आधी तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं.

"तुले ठाऊक व्हतं?" त्याने विचारलं.

तिने सासूकडे पाहिलं. मग मीच तिच्या बोलीत विचारलं, "सांग बहीण. कसं ठाऊक व्हतं?"

"पाकीट आत्याबाईसनीच दिन्हं व्हतं. मी शहादाले जाई ऱ्हायनू व्हतू, पोस्टमा टाकं. वर पोलीसना पत्ता व्हता. मंग तुमना हवालदार वना, तव्हय समजनं."

"मंग सांगं काबर नही? तुन्हाच कागद अडकता ना."

"सांगीसन काय व्हतं साहेब? मायलेकमा भांडण लागतं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी मन्हा बापनं सात वरीस करेल शे. एकलं माणूस रातले कसं घाबरस, ते माले ठाऊक शे. कागद काय, पुन्हा करता येतस."

बाईंनी सही केली. मुलगा उठून शेताकडे निघून गेला. सुनेने आमचे पाण्याचे पेले उचलले आणि ती चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी हवालदारबाईंना पाठवलं. त्यांनी परत येऊन तोंडी अहवाल दिला. बाईंनी शब्द पाळला होता. सून रात्री माडीवर गेली होती, कडी उघडी होती. पण मध्यरात्रीनंतर ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली, खालचा कानोसा घेत. नवरा तिला शोधत आला आणि तोही तिथेच बसला. आत बाई खाटेवर बसून होत्या. पहाटे त्यांनीच दार उघडून दोघांना चहा दिला. "साहेब, तिघांचे डोळे लाल आहेत," हवालदारबाई म्हणाल्या, "पण मुलगा आईशी बोलतोय." पुरवणी जबाब लिहिण्याची गरज मला वाटली नाही.

मी अहवालात सगळं लिहिलं, अर्जदाराच्या नावासह. वरिष्ठांनी वय आणि कबुली पाहून बाईंना लेखी समज देऊन प्रकरण बंद केलं. जोडप्यालाही ठाण्यात खोटं सांगितल्याबद्दल मी कडक शब्दांत सुनावलं. पडताळणीवर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा दिला.

पुढे वकिलातीत मुलाखत झाली. निघण्याआधी सून हवालदारबाईंना भेटायला ठाण्यात आली होती, तेव्हा तिने हे सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने खोलीचं विचारलंच. वकिलातीपर्यंत अर्जाची प्रत गेली होती. तिने सल्लागाराचं पाठांतर बाजूला ठेवून जे होतं ते सांगितलं, आणि बाईंच्या जबाबाची माहिती अधिकारातून मिळवलेली प्रत पुढे केली. अधिकाऱ्याने दुभाष्याकडून ती पूर्ण ऐकली. व्हिसा मंजूर झाला. तरीही ती लगेच गेली नाही. बाईंची धाकटी विधवा बहीण राहायला येईपर्यंत तिने जाणं लांबवलं. नवरा तिकडून फोनवर कुरकुरत होता, पण थांबला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? एक तर हे, की खरी वाक्यं एकाखाली एक लिहूनही खोटं सांगता येतं. त्या अर्जातली सगळी वाक्यं पुराव्याला टिकणारी होती, फक्त शेवटचं एक सोडून. आम्ही पोलीस वाक्यं तपासतो आणि निष्कर्ष तसाच घेतो. दुसरं असं, की घराच्या आतलं एवढं बारीक माहीत असणारा माणूस बहुधा त्या घराचा शत्रू नसतो. त्यानंतर घरगुती भांडणाचा कुठलाही अर्ज हातात आला, की आरोप कुणावर आहे हे पाहण्याआधी मी पाहू लागलो, की आरोप खरा ठरला तर कोण कुणाजवळ राहील. बरेचदा उत्तर तिथेच मिळालं.

निवृत्तीनंतर वर्षभराने शहाद्याला डोळ्यांच्या दवाखान्यात बाई भेटल्या. मोतीबिंदू काढायला आल्या होत्या. सोबत बहीण होती. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. सून तिकडे एका वृद्धाश्रमात कामाला लागली आहे, रोज आपल्या सकाळी फोन करते, असं सांगितलं. मी विचारलं, "आता झोप लागते का?"

"ती गेल्यावर पंधरा दिवस लागली नाही," बाई म्हणाल्या. "सोळाव्या दिवशी लागली. माणसाला झोप लागतेच, साहेब. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तो अर्ज लिहिला नसता."